सुवर्णकमळ आणि जब्याचा दगड

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा इतिहास मराठी माणूस अभिमानाने सांगतो. १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले, पुढच्याच वर्षी अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ला मराठीपुरते रौप्यपदक. आईच्या संस्कारांना सोने आणि जोतीरावांच्या बंडाला रुपे, हा योगायोग म्हणून सोडून देऊ. प्रश्न धातूचा नाही, नजरेचा आहे.

साने गुरुजींच्या पुस्तकातली मोळीवाली वृद्ध महारीण आठवा. तिला श्यामचा हात मिळतो, कथा मात्र श्यामची राहते. गुरुजींच्या कळवळ्याबद्दल शंका नाही. पंढरपूरच्या मंदिरासाठी त्यांनी प्राण पणाला लावले होते. पण कळवळा कितीही खरा असला, तरी तो दुसऱ्याच्या दुःखाकडे वरूनच पाहतो. पुरस्कारांना हे पाहणे दीर्घकाळ मानवले.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) कॅमेऱ्याची जागाच बदलली. कैकाडी जब्या डुकराच्या मागे धावतो, गाव हसते, आणि शेवटी त्याचा दगड सरळ आपल्या अंगावर येतो. इथे दया करायला कुणालाच जागा उरत नाही. या चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. म्हणजे दगडालाही पदक मिळाले! व्यवस्था दगड झेलते, मखरात ठेवते आणि निर्धास्त होते, हा धोका आम्ही ओळखला पाहिजे.

पुढच्या वर्षीच्या चित्रपटांत सुवर्णकमळ चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला गेले. त्यातल्या लोकशाहिराची भूमिका वीरा साथीदार या चळवळीतल्या कार्यकर्त्याने केली. खटला उभा राहतो गटारात मेलेल्या कामगारावरून. झुरळे बाहेर आली तरच नवरा आत उतरायचा, असे त्याची विधवा शांतपणे सांगते. ती रडत नाही, म्हणूनच आपण हादरतो. सरकारी वकील गाण्यात गुन्हा शोधते. माणसाला गटारात उतरवणारा आरोपीच्या पिंजऱ्यात येत नाही.

मैला हाताने साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चाच. तरीही देशात गटारांत माणसे मरतात. नाहूर-भांडुपच्या रस्त्यांखालूनही मुंबईचा मैला वाहतो, आणि तुंबलेली वाहिनी कुणाच्या हाताने मोकळी होते हे इथल्या वस्त्यांना पुरस्कार समितीने सांगण्याची गरज नाही.

पदक नाकारावे असे आमचे म्हणणे नाही. ते हक्काचे आहे. मात्र कलाकृतीचा निकाल दिल्लीच्या समारंभात लागत नाही. जब्याचा दगड ज्याला लागला, त्याने दुसऱ्या दिवशी काय केले, तिथे तो लागतो.