नमपाय व सायपाय
नमपाय व सायपाय : पायथॉन या बहुउद्देशीय संगणकीय भाषेसाठी रचलेले, शास्त्रीय गणनाचे दोन मुक्त स्रोत आज्ञावली-संग्रह. त्यांतील मूळ आज्ञावली कोणासही पाहता, तपासता, बदलता व विनामूल्य वापरता येते.

गिडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅम येथे निर्माण केलेली पायथॉन भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती वाचण्यास सुगम, परंतु मोठ्या संख्यासमूहांच्या आकडेमोडीत मंद होती. ही उणीव भरून काढण्यासाठी जिम ह्यूगनिन यांनी इतरांच्या सहकार्याने १९९५ मध्ये ‘न्यूमरिक’ हा संग्रह रचला. पुढे अमेरिकेतील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये ‘न्यूमॲरे’ तयार झाला. या दोहोंमुळे पडलेली फूट ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५ मध्ये नमपाय घडवून मिटविली. सायपाय हा संग्रह ऑलिफंट, एरिक जोन्स व पेरू पीटरसन यांनी २००१ मध्ये सुरू केला होता.

नमपायचा गाभा म्हणजे ‘ॲरे’, अर्थात एकाच प्रकारच्या संख्यांची संगणकाच्या स्मृतीतील नियमित मांडणी होय. संपूर्ण ॲरेवरील क्रिया एका पदावलीत लिहिता येते व प्रत्यक्ष आकडेमोड सी भाषेतील वेगवान आज्ञावली करते. समाकलन, अवकल समीकरणे इत्यादींसाठी सायपायच्या कर्त्यांनी सर्व काही नव्याने लिहिले नाही. क्वाडपॅक, ओडीईपॅक, लॅपॅक यांसारखे फोर्ट्रानमधील कसोटीस उतरलेले संग्रह त्यांनी स्वीकारले. हा विवेक सायपायच्या यशाचे एक प्रमुख कारण आहे. २०१५ मध्ये आढळलेले गुरुत्वीय तरंग आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली कृष्ण विवराची प्रतिमा यांच्या विश्लेषणात हे संग्रह वापरले गेले.

तथापि दोन भाषांचा सांधा सर्वत्र एकजीव झालेला नाही. पायथॉनच्या पूर्णांकास आकाराची मर्यादा नाही. ॲरेतील पूर्णांकास ती असते आणि ती ओलांडली गेल्यास सूचना न मिळता चुकीचे उत्तर येते. विंडोज प्रणालीवर २०२४ मधील २.० आवृत्तीपूर्वी ही मर्यादा एरवी २,१४,७४,८३,६४७ इतकी होती. त्यामुळे ॲरेतील ५०,००० चा वर्ग तेथे ऋण येई, तर ६४-बिट लिनक्सवर तो बरोबर येई. तसेच यादीचा भाग वेगळा काढल्यास त्याची प्रत मिळते. ॲरेचा सलग भाग काढल्यास मूळ ॲरेचेच दर्शन मिळते व त्यात केलेला बदल मूळ संख्यांतही होतो. लेखनातील सुलभतेमुळे असे भेद झाकले जातात आणि नवख्या संशोधकाचा निष्कर्ष नकळत सदोष ठरू शकतो.

दुसरी उणीव संग्रहाच्या रचनेतील नसून विज्ञानसंस्थांच्या वर्तनातील आहे. असंख्य प्रयोगशाळांचा आधार असलेल्या नमपायच्या विकासकार्यास पहिले थेट अनुदान २०१७ मध्ये मिळाले. तोपर्यंत त्याचा भार प्रामुख्याने स्वयंसेवकांवर होता. मुक्त स्रोतामुळे दोष शोधण्याचा अधिकार सर्वांना मिळतो. मात्र तो शोधून दुरुस्त करण्याचे श्रम कोणाला तरी करावेच लागतात. त्या श्रमांची तरतूद होईल, त्या प्रमाणातच या संग्रहांवर आधारलेल्या निष्कर्षांची विश्वसनीयता टिकेल.