मुलाचे म्हणणे

काडीमोड, फारकत आणि सोडचिठ्ठी हे विवाहविच्छेदाचे आपल्या भाषेतील तीन जुने शब्द. पहिल्यात एका काडीचे दोन तुकडे होतात, दुसऱ्यात दोन पक्ष परस्परांपासून मोकळे होतात, तिसऱ्यात एकाने लिहिलेला कागद दुसऱ्याच्या हाती पडतो. तिन्ही शब्दांत माणसे दोनच आहेत. त्या घरात एखादे मूल असल्यास ते ह्या शब्दांच्या बाहेर उभे राहते. ही उणीव केवळ कोशकारांच्या चिंतेची असती तर आम्ही तिच्याविषयी लेखणी उचलली नसती. परंतु जी जागा शब्दात नाही ती तडजोडीच्या बैठकीतही सहसा नसते, आणि तिची किंमत तेथे आठ-दहा वर्षांच्या जीवास मोजावी लागते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे दोन शेजारचे तालुके उदाहरणादाखल घ्यावेत. शिरूर घोड नदीच्या काठी, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. दौंड भीमेकाठचे रेल्वेचे जंक्शन. एका तालुक्यात सासर व दुसऱ्यात माहेर, अशी एखादी सोयरीक वाचकांनी मनासमोर आणावी. घरात बेबनाव झाला की प्रथम दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे बसतात. तेथे न मिटल्यास गोष्ट गावच्या तंटामुक्ती समितीकडे जाते. ह्या समित्या महाराष्ट्र शासनाच्या २००७ सालच्या मोहिमेतून गावोगाव उभ्या राहिल्या. तेथेही न मिटल्यास न्यायालय, आणि न्यायालयाकडून पुन्हा मध्यस्थ. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत स्वतंत्र न्यायालय आवश्यक ठरविले व त्यास समुपदेशकांची जोड दिली. पुण्यास ते लाभले. शिरूर-दौंडसारख्या गावांसाठी तसे न्यायालय स्थापण्याची शासनास मुभा आहे, सक्ती नाही. दोन घरांच्या भांडणात मुलाशी बोलण्यासाठी म्हणून शिकलेला माणूस शहरातील मुलास जवळ आणि तालुक्यातील मुलास दूर, असा हा हिशेब आहे.

तथापि माणूस नेमल्याने प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. मुलास काय विचारावयाचे हेच आपले अद्याप ठरलेले नाही, आणि ह्या बाबतीत कायद्याची भाषा साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा म्हणतो की, मूल समजून-उमजून पसंती ठरविण्याइतके मोठे असल्यास न्यायालयास ती पसंती विचारात घेता येईल. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण ह्यांविषयीचे हुकूम शक्य तेथे त्यांच्या इच्छेस धरून असावेत असे सांगतो. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारताने १९९२ साली स्वीकार केला. त्याच्या बाराव्या कलमात, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलास आपल्यासंबंधीच्या सर्व बाबतींत आपले म्हणणे मोकळेपणाने मांडण्याचा हक्क दिला असून, वय व समज पाहून त्यास वजन द्यावे असे म्हटले आहे. पसंती, इच्छा, म्हणणे! शंभर वर्षांत कायदा तीन पायऱ्या चढला. आमच्या बैठका मात्र अजून पहिल्या पायरीवरच बसल्या आहेत.

पसंती हा दुकानातला शब्द आहे. समोर दोन वस्तू मांडाव्यात आणि गिऱ्हाइकाने एक उचलावी. 'आईकडे राहायचे की बाबांकडे?' हा प्रश्न त्याच जातीचा. त्यास मुलाने उत्तर दिले तर एकाचा अपराध त्याच्या माथी बसतो, आणि न दिले तर 'त्याला काय कळतंय' म्हणून त्यास अंगणात खेळावयास पाठविले जाते. इच्छेचा मान राखावा तर मुलाची इच्छा बहुधा एकच असते: दोघांनी भांडू नये व एका घरात राहावे. ती पुरविणे कोणत्याही मध्यस्थाच्या हाती नसते. उरते ते म्हणणे. त्यात प्रश्न येतो, भीती येते, तक्रार येते. शाळा बदलणार का, धाकटी बहीण कोणाकडे जाणार, आजीला भेटता येईल का, हे सारे येते.

ह्या तीन शब्दांतील अंतर आमच्या जुन्या ग्रंथांनी ओळखले होते असे आम्हांस वाटते. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात सर्वदमन हा छोटा मुलगा, आपल्यास पुत्र म्हणून कवटाळणारा हा पुरुष कोण, असे आईस विचारतो. शकुंतला त्याचे उत्तर देत नाही. ती त्यास आपल्या नशिबाला विचारावयास सांगते. ह्या नाट्यप्रसंगाचे सौंदर्य रसिकांनी पुष्कळ वाखाणले आहे. परंतु विभक्त घरातील मुलाचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न त्या एका ओळीत आहे, आणि थोरांची नेहमीची टाळाटाळही तेथेच आहे, इकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

वाल्मीकीच्या उत्तरकांडातील कुशलवांची कथा याहून कठोर आहे. आईबापांच्या ताटातुटीची सारी कहाणी ह्या मुलांस तोंडपाठ आहे. बापाच्या यज्ञमंडपात ती ते गातात आणि सभा डोलते. त्यांच्या कंठास मान मिळतो. त्यांच्या मनास काय वाटते हे कोणी विचारीत नाही. सीता धरणीच्या पोटात जाते, आणि दुसऱ्या दिवशी राम त्या मुलांस उरलेले काव्य गावयास सांगतो. मुलाचा आवाज ऐकणे आणि मुलाचे म्हणणे ऐकणे ह्यांतील भेद याहून स्पष्ट रीतीने कोणी दाखविला असेल असे आम्हांस वाटत नाही. बैठकीत आईने अथवा बापाने पढवून आणलेले मूल जेव्हा वाक्ये म्हणून दाखविते, तेव्हा तेही दुसऱ्याने रचलेले काव्यच गात असते.

आधुनिक काळात ह्या विषयावरील श्रेष्ठ भारतीय कादंबरी म्हणून आम्ही मन्नू भंडारी ह्यांच्या 'आपका बंटी'चे नाव घेऊ. ती हिंदीत १९७१ साली ग्रंथरूपाने आली. अजय व शकुन ह्या विभक्त दांपत्यामध्ये ये-जा करणारे वकील चाचा हे तीतील मध्यस्थ. हे गृहस्थ दुष्ट नाहीत. शकुनच्या हिताचे बोलतात, बंटीवर त्यांची मायाही आहे. त्यांचे बोलणे चालू असताना बंटी आसपासच असतो आणि कानी पडलेल्या तुकड्यांतून आपले भविष्य जुळवीत राहतो. पुढे आईचे दुसरे घर, बापाचे दुसरे घर, आणि अखेर वसतिगृहाकडे जाणारी आगगाडी. ह्या कादंबरीचे सामर्थ्य असे की, तीत खलपुरुष कोणीच नाही. प्रत्येकाने मुलाच्या हिताचाच विचार केला. मुलाजवळ बसून त्याचे ऐकून घेण्याचे तेवढे राहून गेले.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही खोटे नाहीत. मूल पढविलेले असते, हा पहिला. मोठ्यांच्या भांडणात ओढल्याने त्याच्या मनावर भार पडतो, हा दुसरा. परंतु पढविले जाते ते पसंतीचे उत्तर. रात्री झोप लागते का, गृहपाठ कोण घेते, सुटीत कोठे करमते, ह्या गोष्टी पढविणे कठीण. भारही पडतो तो निवाडा त्याच्याकडून मागितल्याने. न विचारल्याने भार हलका होतो असे मानणाऱ्याने बंटीची कथा पुन्हा वाचावी. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत व खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच बजावले आहे. मालमत्तेस विचारावे लागत नाही, माणसास लागते.

तेव्हा शिरूर असो वा दौंड, तंटामुक्ती समितीने आणि तालुक्याच्या मध्यस्थाने इतके तरी करावे. मुलाशी दोन्ही घरच्या माणसांवाचून, त्याच्या ओळखीच्या जागी, एखाद्या विश्वासू शिक्षिकेने वा अंगणवाडीताईने बोलावे. कोणाकडे राहणार हा प्रश्न त्यास विचारूच नये. निर्णय मोठे घेतील व त्याचा दोष त्यास लागणार नाही, हे आरंभीच सांगावे. तो जे सांगेल त्यातील काय आईबापांस कळवावे, हे त्यालाच विचारावे. जिवास धोका दिसला तर मात्र गुप्तता राखता येणार नाही, हेही आधीच सांगावे. आणि तडजोडीचा कागद तयार झाल्यावर, सह्या होण्यापूर्वी, त्यातील त्याच्या वाट्याच्या अटी त्यास कळतील अशा शब्दांत समजावून द्याव्यात. याला नवा कायदा नको, मोठा खर्च नको. लागतो तो एक तास आणि गप्प बसून ऐकण्याची तयारी.

परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय आमच्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली, आणि त्या अर्जावरही सह्या दोनच असतात. तिसरी सही आम्ही मागत नाही. ती मुलावर लादणे अन्यायाचे होईल. परंतु जो करार त्यास पुढील दहा वर्षे पाळावयाचा आहे, त्यातील एखादे तरी कलम त्याने काही सांगितले म्हणून लिहिले गेले असावे, एवढे मागण्याचा अधिकार त्याच्या वतीने आम्हां सर्वांस आहे.