पंचवीस गुणिले बावीस

शाळेत कुक्कुटपालन शिकवताना आपण बहुधा जोडधंद्याचे फायदे सांगून थांबतो. त्यापुढचे प्रश्न विचारण्यासाठी रूथ हॅरिसन यांचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे इंग्रजी पुस्तक शिक्षकांनी अवश्य वाचावे. ते १९६४ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. प्रस्तावना रेचेल कार्सन यांची आहे.

पुस्तकात हळहळ आहे, पण त्याचे खरे बळ तपशिलात आहे. बंदिस्त जागेत वाढवलेल्या कोंबड्यांना आणि वासरांना जागा किती, उजेड किती, खाद्य कोणते, हे लेखिका पाहतात आणि नोंदवतात. पुस्तकाने खळबळ उडाल्यावर ब्रिटिश सरकारने ब्रँबेल समिती नेमली. प्राण्याला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत, असे या समितीने १९६५ साली सांगितले.

वर्गातही हीच रीत वापरावी, असे आम्हाला वाटते. युरोपीय संघाने १९९९ साली साध्या पिंजऱ्यातील एका कोंबडीसाठी किमान ५५० चौ. सें.मी. जागा ठरवली होती. पुढे २०१२ पासून तेथे असे पिंजरेच बंद झाले. मुलांना २५ सें.मी. लांब आणि २२ सें.मी. रुंद आयत जमिनीवर आखू द्यावा. झेरॉक्सचा कागदही याहून मोठा असतो! मग कोंबडीने पंख पसरायचे कुठे, हे मुलेच विचारतील.

पुस्तकाला काळाच्या मर्यादा आहेत. खाद्यातील प्रतिजैविकांविषयी त्यात शंका आहे, पण औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न पुढे फार वाढला. भारताने २०१९ साली कोलिस्टिन हे औषध खाद्यजनावरांसाठी वापरण्यास बंदी घातली. नवापूरला २००६ आणि २०२१ साली बर्ड फ्लू आला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि अनेक व्यावसायिकांचे कंबरडे मोडले.

शिवाय हे पुस्तक ब्रिटिश ग्राहकासाठी लिहिलेले आहे. आपल्या वर्गात एखाद्याचे घर पोल्ट्रीवर चालते, तर एखाद्याला अंडे हेच परवडणारे चांगले प्रथिन असते. या दोघांना अपराधी वाटेल असे शिकवणे म्हणजे विज्ञान नव्हे. विष्ठा कुठे जाते, माशा व दुर्गंधी किती, औषध कोण सुचवतो, हे मुलांनी पोल्ट्रीमालकांना विचारावे. रोगाच्या धोक्यामुळे शेडमध्ये मात्र शिरू नये. नोंदी पालकसभेत मांडाव्यात आणि त्या सभेला पोल्ट्रीमालकांनाही बोलवावे.