यंत्र सामायिक, मग पाळी कोणाची?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण ज्ञान ही सामायिक वस्तू आहे का, हा प्रश्न घेतला होता. आज तोच प्रश्न महासंगणकाला विचारू.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. तेव्हा प्रश्न साधा होता : आपल्याकडे यंत्र आहे की नाही? २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाने तो बदलला. सात वर्षं, ४,५०० कोटी रुपये, अंमलबजावणीला सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. ७० हून अधिक यंत्रणा उभारायच्या आणि राष्ट्रीय ज्ञानजालाने जोडायच्या. कल्पना उत्तम. तिला आम्ही मनापासून दाद देतो.

पण तिची भाषा बघा. उद्घाटन झालं की बातमी येते ती पेटाफ्लॉपची, म्हणजे वेगाची. वेग हा यंत्राचा गुण झाला. सामायिकपणा मात्र माणसांमधल्या करारात असतो. तार जोडली की वाटा मिळालाच, असं आपण धरून चालतो, आणि तर्क इथेच घसरतो.

धुळ्याकडची फडपद्धत आठवा. पांझरेवर बंधारा घातला की निम्मंच काम झालं. कोणत्या फडात कोणतं पीक, हे शेतकरी मिळून ठरवत. पाणी वाटून द्यायला पाटकरी असे. पाटकरी नसेल तर बंधारा म्हणजे नुसतं अडवलेलं पाणी.

मग महासंगणकाचा पाटकरी कोण? संगणनाचे तास वाटणारी समिती, आणि संशोधकाचा प्रोग्रॅम त्या यंत्रावर चालता करून देणारा अभियंता. यंत्र काही वर्षांतच जुनं होतं, विजेचं बिल थांबत नाही, आणि असा माणूस घडायला वेळ लागतो. फिनलंडमधल्या कायानीच्या ‘लुमी’त अनेक युरोपीय देशांनी मिळून पैसा घातला आणि वाट्याचा हिशेबही ठरवला. पैशावर वाटा, हे आम्हाला अर्धंच पटतं. ज्याच्याकडे प्रश्न चांगला पण गाठीला पैसा नाही, त्याने काय करायचं?

समजा, जिल्ह्याच्या एखाद्या कॉलेजात एक विद्यार्थिनी पावसाच्या गणितावर काम करते आहे. तिने तास मागायचे कुठे? ते कोणत्या निकषावर मिळतील? नकार आला तर कारण कळेल का? या तीन प्रश्नांची उत्तरं यंत्र घेण्याआधी लिहून ठेवली, तर त्याला नियोजन म्हणू. नाहीतर ती नुसती खरेदी झाली.