डायलिसिस, नैराश्य आणि सीआरपी: संबंध प्रश्नावलीतूनच आला असेल तर?

डायलिसिसच्या रुग्णांमधलं नैराश्य आणि इन्फ्लमेशन, म्हणजे शरीरातला दाह, यावरचे चार-पाच पेपर तुम्ही सलग वाचलेत की साचा लक्षात येतो. एका-दोन केंद्रांतले रुग्ण, बेकची प्रश्नावली, रक्तातलं सीआरपी किंवा आयएल-6, आणि शेवटी सहसंबंध. पुढे चर्चेच्या भागात 'संबंध आढळला' याचं हळूच 'दाहामुळे नैराश्य येतं' असं होऊन जातं.

एकाच वेळी मोजलेल्या दोन गोष्टींवरून आधी कोण आणि नंतर कोण हे कळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. या पेपरांत नेमकं मोजलंय काय?

बेकच्या प्रश्नावलीच्या दुसऱ्या आवृत्तीत 21 प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. त्यातले सहा बघा: शक्ती कमी होणं, झोप, भूक, एकाग्रता, थकवा, लैंगिक इच्छा. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर असणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. रक्त कमी, अंगाला खाज असल्यामुळे झोप नाही, युरिया वाढल्यामुळे जेवण नकोसं. डायलिसिस संपल्यावर तर अंगात त्राणच नसतं. निव्वळ या सहा प्रश्नांचे जास्तीत जास्त 18 गुण होतात, आणि डायलिसिसच्या रुग्णांमध्ये नैराश्याची रेघ साधारण 14 ते 16 वर धरतात! अगदी टोकाचं उदाहरण आहे, मान्य. पण मन शाबूत असूनही रेघ ओलांडता येते, हे त्यातून दिसतं.

गंमत अशी की दाह स्वतःच थकवा आणतो, भूक मारतो. तापात आपण कसे पडून राहतो, तसंच. म्हणजे सीआरपी वाढलं की हे प्रश्न वाढणार, ते वाढले की बेरीज वाढणार, आणि तुमच्या आलेखात 'नैराश्य' वर गेलेलं दिसणार. 2013 मध्ये पामर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा डायलिसिसच्या टप्प्यावर प्रश्नावलीने 39.3 टक्के आणि मुलाखतीने 22.8 टक्के नैराश्य निघालं. ही सगळी तफावत शारीरिक लक्षणांमुळेच आहे असं मी म्हणणार नाही. पण ती डोळ्याआड करून सहसंबंध छापणं मला पटत नाही.

कल्पना मात्र मोडीत काढू नका. हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉन-अल्फा दिलेल्या अनेक रुग्णांना उपचार सुरू झाल्यावर नैराश्य आलं. तिथे क्रम स्पष्ट आहे. डायलिसिसमध्ये तो तसा नाही, कारण कॅथेटर, हिरड्यांचा संसर्ग, काहीही सीआरपी वाढवू शकतं.

म्हणून पेपर हातात आला की आधी टेबल बघा. शारीरिक आणि मानसिक प्रश्नांचे गुण वेगळे दिलेत का? कॅथेटरवाले आणि फिस्टुलावाले वेगळे केलेत का? आणखी एक, हे सहसा सुटतं: मॉडेलमध्ये अल्ब्युमिन टाकलंय का? दाह वाढला की अल्ब्युमिन घसरतं, त्यामुळे त्यासाठी समायोजन करणं म्हणजे ज्याचा परिणाम शोधतोय त्यालाच अर्धं पुसून टाकणं.

हा नुसता आकडेमोडीचा वाद नाहीये. डायलिसिस सुरू न झालेल्या किडनी रुग्णांवरच्या 2017 च्या कास्ट चाचणीत 201 जण होते आणि सर्ट्रालीन प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. 2019 च्या असेंड चाचणीत हीमोडायलिसिसच्या 120 रुग्णांमध्ये ते समुपदेशनाच्या थेरपीपेक्षा 12 आठवड्यांनी थोडं सरस ठरलं, पण दुष्परिणामही जास्त होते, आणि प्लासिबोचा गट नव्हताच. चुकीचं लेबल लागलं की आधीच मूठभर गोळ्या घेणाऱ्याला आणखी एक गोळी. उलट बाजूला, 'थकवा काय, डायलिसिसचाच' म्हणून सोडून दिलेला खरोखर खचलेला रुग्ण. तो पुढे डायलिसिसच्या पाळ्याच चुकवायला लागतो, आणि तुमच्या अभ्यासात तो बहुतेक 'पाठपुरावा तुटला' या रकान्यात सापडेल.