न्यूटन यांच्या पाठचिकित्सेंतील दोन स्थळें

सर आयझॅक न्यूटन यांचें नांव आमच्या वाचकांस गणिताच्या संबंधानें परिचित आहे. त्यांनीं १६९० सालीं जॉन लॉक यांस पत्ररूपानें लिहून पाठविलेला पाठचिकित्सेचा निबंध मात्र फारसा कोणाच्या पाहण्यांत नसतो. नव्या करारांतील दोन स्थळें मागाहून बिघडविलीं गेलीं, असें त्यांत प्रतिपादन आहे. तो छापला गेला १७५४ सालीं, लेखकाच्या मृत्यूनंतर. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन असून ईश्वर एकच, हें त्रैक्याचें मत न्यूटन यांस मान्य नव्हतें. आणि ते ज्या विद्यालयाचे सदस्य होते त्याचें नांवच ट्रिनिटी!

पहिलें स्थळ योहानाच्या पहिल्या पत्रांतील, अध्याय ५, वचन ७. स्वर्गांतील तीन साक्षींचें हें वाक्य जुन्या ग्रीक प्रतींत नाहीं, प्राचीन सीरियाक व कॉप्टिक भाषांतरांत नाहीं, लॅटिन व्हल्गेटच्या प्राचीनतम प्रतींतही नाहीं. फुल्डा येथील सहाव्या शतकांतील प्रतीचा मासला तर मोठ्या मौजेचा आहे. वाक्य गाळणारांस दोष देणारी, जेरोमच्या नांवावरची प्रस्तावना तींत आहे; पुढें संहितेंत मात्र तें वाक्यच नाहीं! इरॅस्मसनें १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत तें घेतलें नव्हतें; सध्यां डब्लिन येथें असलेली, त्याच शतकाच्या आरंभींची एक ग्रीक प्रत पुढें आल्यावर १५२२ सालीं घेतलें. समासांतील टीप ओळींत कशी शिरते, हें पोथ्या चाळणारांस सांगावयास नको. शके १५०६ मध्यें एकनाथांस ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली ती पाठ बिघडल्यामुळेंच.

दुसरें स्थळ तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांतील, अध्याय ३, वचन १६. येथें वाद दोन रेघांचा आहे. ग्रीक पोथ्यांत 'देव' हा शब्द संक्षेपानें दोन अक्षरांत लिहीत. पहिल्या अक्षराच्या पोटांतील आडवी रेघ व वरील संक्षेपरेघ काढली कीं 'जो' हें सर्वनाम उरतें. न्यूटन यांनीं मूळ पाठ 'जें' असा धरला, तो आज मान्य नाहीं. १८५९ सालीं प्रकाशांत आलेल्या सिनाई प्रतींत मूळ हाताचा पाठ 'जो' असा आहे. 'देव' हा पाठ मागाहूनचा, हें त्यांचें म्हणणें मात्र टिकलें.

निबंधाचा खरा दोष निराळा आहे. न्यूटन यांस पाठभेदाच्या मागें सहसा कपटी हात दिसतो. पहिल्या क्षेपकाचा आरोप ते वरील प्रस्तावनेच्याच आधारें जेरोमवर ठेवितात. परंतु ती प्रस्तावना जेरोमची नव्हे, असें पंडितांचें आजचें मत असल्यानें साक्षीदारच नाहींसा झाला. लेखकप्रमाद व भाविकाची टीप एवढ्यानें जें उलगडतें, तेथें लबाडी कल्पिण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

शिवाय त्रैक्य मानणारांचा पक्ष ह्या वाक्यावर उभा नाहीं. ३२५ सालची निकिया येथील व ३८१ सालची कॉन्स्टँटिनोपल येथील परिषद त्याच्या आधारावांचून झाली. तें प्रक्षिप्त म्हणणारे इरॅस्मस व रिशार सिमों हे रोमन चर्चचेच धर्मगुरु होते. उलटपक्षीं, पुत्र पित्याहून दुय्यम असें मानणारांचें मतही केवळ क्षेपक सांपडल्यानें सिद्ध होत नाहीं. उभय पक्ष निर्विवाद पाठ असलेलीं वचनेंही तितक्याच श्रद्धेनें वाचतात व भिन्न अर्थ लावितात. त्याचा निवाडा प्रती ताडून होण्याजोगा नाहीं. रोमच्या धर्मपीठानें १८९७ सालीं ह्या वाक्याच्या अस्सलपणाविषयीं शंका घेणें निर्धोक नाहीं असें ठरविलें होतें. १९२७ सालीं त्यानेंच पुरावा तोलून उलट मत धरण्याची विद्वानांस मोकळीक दिली. त्रैक्याच्या सिद्धांतांत त्यामुळें एक अक्षरही बदललें नाहीं.