‘डूलॅली’ : एका स्लँग शब्दाची व्युत्पत्ती आणि देवळाली

ब्रिटनमधील बोलचालीच्या इंग्रजीत डोके ठिकाणावर नसलेल्या माणसास ‘डूलॅली’ म्हणतात. हा शब्द म्हणजे नाशिकजवळील देवळालीचे गोऱ्या सैनिकांच्या तोंडी झालेले रूपांतर होय. त्याचे मूळ रूप ‘डूलॅली टॅप’ असे होते. फ्रेझर व गिबन्स यांच्या १९२५ सालच्या सैनिकी शब्दकोशात ते आढळते. पुढे ‘टॅप’ गळून पडले आणि एका गावाचे नावच वेडाचे विशेषण झाले.

‘टॅप’चे मूळ कोशकार फारसी-हिंदुस्थानी ‘तप’, म्हणजे ज्वर, असे देतात. मराठी वाचकास येथे आपला ‘ताप’ आठवणे स्वाभाविक आहे. तथापि सैनिकांचा एतद्देशीयांशी व्यवहार मुख्यतः हिंदुस्थानीतून चालत असल्याने केवळ ध्वनिसाम्यावर मराठीचा हक्क सांगणे धाडसाचे ठरेल.

खरा आक्षेप अर्थाच्या उलगड्याविषयी आहे. ‘देवळालीचा ज्वर’ एवढेच स्पष्टीकरण वाचणारा तेथील हवाच माणसास वेडे करीत असावी, असा समज करून घेतो. १९७४ साली बी.बी.सी.वर सुरू झालेल्या, देवळालीच्या छावणीत घडणाऱ्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेच्या नावातही उकाड्याचाच उल्लेख आहे. वस्तुतः पाचशे मीटरहून अधिक उंचीवरील हे गाव हवापालटासाठी प्रसिद्ध असून मुंबईकर पारशी समाजाने तेथे आरोग्यधामे उभारली. (आजाऱ्याने जेथे बरे व्हायला जावे, त्या गावाचे नाव वेडास मिळाले!)

या शब्दाचा उगम लष्करी व्यवस्थेत शोधावा लागतो. १८६० च्या दशकात स्थापन झालेल्या या छावणीत सेवेची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत राहत. ही जहाजे प्रायः हिवाळी हंगामातच सुटत. वसंतात मुदत संपलेल्यास शरदापर्यंत थांबणे भाग पडे. नेमून दिलेले काम असे काही नसे. फ्रँक रिचर्ड्स या माजी सैनिकाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींत या रिकामपणाचे आणि त्यातून होणाऱ्या अधःपतनाचे वर्णन केले आहे. मद्यपान, गुप्तरोग, तुरुंग या मार्गांनी, एरवी चांगली सेवा बजावलेली माणसेही तेथे वाया गेली. या शब्दाच्या नोंदीत ‘तप’ इतकेच स्थान जहाजांच्या वेळापत्रकासही मिळावयास हवे.